ग्वाल्हेरच्या हवेत लेकीचा एक्झिमा सांभाळताना

ग्वाल्हेरची हवा कातडीची परीक्षा बघते. दिवाळी उलटली की कोरडा वारा सुटतो, डिसेंबर-जानेवारीत दिवसदिवस धुकं हटत नाही आणि रात्री पारा 4-5 अंशांवर येतो. मे महिन्यात तोच पारा 45 च्या घरात, भर दुपारी लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, आणि संध्याकाळी धुळीचं वादळ. धडधाकट माणसाचेही इथे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. आमची मुलगी एक्झिमा, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या चट्ट्यांचा त्वचाविकार, घेऊनच मोठी होते आहे, त्यामुळे आमच्या घरचं वर्ष सणावारांइतकंच तिच्या कातडीच्या कलानेही चालतं. आता ती पहिलीत आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला याबद्दल सारखी विचारणा होते आणि उत्तर फोनवरच्या दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तान्ही असताना तिच्या गालांवर खरखरीत चट्टे यायचे. दात येताहेत, लाळ लागते, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, असं ज्याने त्याने सांगितलं. ती चालायला लागली तसे गाल स्वच्छ झाले आणि चट्टे कोपरांच्या घडीत, गुडघ्यांमागच्या लवणीत आणि मनगटांवर उतरले. फोटोंमध्ये दाखवतात तसा लालभडक एक्झिमा तिला कधी दिसला नाही. सावळ्या अंगावर तो करडा-तपकिरी, कधी जांभळट दिसतो आणि संध्याकाळच्या दिव्यात तर दिसतच नाही. म्हणून मी डोळ्यांपेक्षा बोटांवर विसंबते. अंघोळ घालताना कोपराच्या आतून हात फिरवायचा. जिथे बारीक कण लागतात, तिथे एक-दोन दिवसांत खाज उठणार हे नक्की. डोळ्यांना काही दिसण्याआधी बोटांना कळतं, आणि तेवढ्या वेळात बरंच काही आवरता येतं.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत चट्टे बघण्याआधी घराण्याची चौकशी केली. कोणाला दमा? कोणाला शिंका, नाक वाहणं? माझ्या नवऱ्याला लहानपणी दमा होता, माझ्या भावाला फाल्गुन-चैत्रात शिंकांचा त्रास होतो. एक्झिमा, दमा आणि ॲलर्जीची सर्दी ही मंडळी बहुधा एकाच घरात नांदतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर भिंत काढली. कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे ही भिंत, पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. चुना कमी पडला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. शरीर त्यांच्याशी झगडायला लागतं आणि त्यातून दाह, त्यातून खाज. ही भिंत घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव फिलॅग्रिन. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा एक्झिमाशी थेट संबंध आहे, हे 2006 मध्ये पुढे आलं. सगळ्याच रुग्णांत तो बिघाड नसतो, पण भिंत सगळ्यांचीच कच्ची असते.

‘‘तुम्ही हिच्या पोटात काही गरम घातलंत म्हणून हे झालेलं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि एखाद्या ट्यूबने हे कायमचं जाणारही नाही. ताब्यात ठेवायचं. रोज.’’

मग त्यांनी विचारलं, मॉइश्चरायझरची बाटली किती दिवस जाते? मी म्हटलं, महिनाभर तरी. त्यावर त्यांनी जो आकडा सांगितला तो मला अजून लोकांना दोनदा सांगावा लागतो: अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला निदान 250 ग्रॅम, मोठ्या माणसाला 500 ग्रॅमपर्यंत. म्हणजे 100 ग्रॅमची ट्यूब धड तीन दिवसही पुरायची नाही. आपल्याकडे क्रीम म्हणजे बोटावर घ्यायचं, गालाला टिकल्या लावायच्या आणि पसरायचं. एक्झिमात ते रोजचं औषध आहे आणि औषधासारखंच मोजून, पुरेसं द्यावं लागतं. आमच्याकडे खरा फरक पडला तो या प्रमाणाने. ट्यूब बदलल्या, साबण बदलले, त्या सगळ्याचा मिळून एवढा उपयोग झाला नसेल.

एवढं लावायचं तर परवडायलाही हवं. सेरामाइड, म्हणजे त्या भिंतीतल्या चुन्यासारखा स्निग्ध पदार्थ, असलेली क्रीम चांगली असतात, पण आठवड्याला पाव किलो म्हटलं की महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की महागाचं थोडं लावण्यापेक्षा स्वस्तातलं भरपूर लावा. 2022 मध्ये इंग्लंडात 550 मुलांवर झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम असे चार प्रकार लावून पाहिले. चारींचा गुण सारखाच आला. तेव्हा मूल जे विनातक्रार लावून घेईल आणि खिशाला झेपेल, ते चांगलं. अट एकच, त्यात सुगंध नको. आम्ही थंडीत रात्री साधी पेट्रोलियम जेली वापरतो आणि सकाळी शाळेआधी क्रीम, कारण जेलीने युनिफॉर्म तेलकट होतो. उन्हाळ्यात जेली बंद. तिच्याखाली घाम कोंडतो आणि बारीक पुटकुळ्या येतात. युरिया असलेली क्रीम मोठ्यांच्या टाचांना उत्तम, पण मुलांच्या फुटलेल्या कातडीवर आग होते. गुलाबपाणी-ग्लिसरीनचंही तेच.

आता अंघोळ, कारण दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास तो.

पाणी कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूला ‘गरम आहे’ असं वाटलं तर ते तिच्यासाठी फार गरम. जानेवारीत, दात वाजत असताना, कोमट पाण्याने मूल न्हाऊ घालणं सोपं नाही, म्हणून न्हाणीघराचं दार आधीच लावून घेते आणि सगळं सामान हाताशी ठेवते. पाच ते दहा मिनिटांत अंघोळ उरकायची. साबण अंगभर नाही, फक्त काखा, जांघा, पावलं. साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 9-10 असतो, कातडीचा 5 च्या आसपास, म्हणून आम्ही साबण नसलेली सौम्य वडी, म्हणजे सिंडेट वापरतो. घासणी तर घरातून हद्दपार. मग जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा तिच्या अंगाभोवती लपेटायचा आणि नुसतं टिपायचं. चोळायचं नाही. अंग जरासं ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम. डब्यात बोटं घालायची नाहीत, धुतलेल्या चमच्याने तळहातावर काढून घ्यायचं, कारण बोटांबरोबर जंतू डब्यात जातात आणि फुटलेल्या कातडीला तेच नको असतात. दोन्ही तळव्यांवर पसरून वरून खाली, लव जशी वळलेली असते त्या दिशेने हात फिरवायचा. उलट चोळलं तर केसांच्या मुळाशी फोड येतात. लावल्यावर अंग चमकलं पाहिजे, दोन-चार मिनिटांनी मुरलं पाहिजे. लगेच मुरलं तर कमी पडलं असं समजून आणखी थोडं.

हे सगळं माझ्या सासूबाईंना पटायला वेळ लागला आणि त्यांची बाजू मला कळत होती. त्यांनी तीन मुलं ग्वाल्हेरच्या थंडीत वाढवली, सगळ्यांना मोहरीच्या तेलाने रगडून, डाळीच्या पिठाने न्हाऊ घालून.

‘‘अगं, कडवं तेल ऊब देतं. तुमच्या क्रीमनं काय ऊब येणार?’’

‘‘आई, ऊब येते ते खरं, पण हिला चुरचुरतं ना. मालीश तुम्हीच करा, फक्त तेल खोबऱ्याचं घेऊ या.’’

मोहरीच्या तेलाने कातडीची भिंत भरून यायला उलट उशीर लागतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ऑलिव्ह तेलाचाही तोच दोष. खोबरेल तेलाचे सौम्य आणि मध्यम एक्झिमा असलेल्या मुलांवर चांगले अनुभव नोंदले गेले आहेत. थंडीत खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसतं, मग आई वाटीत काढून गरम पाण्यात ठेवतात आणि तळहातावर एक थेंब घेऊन आधी स्वतः तपासतात. चोळण्याऐवजी आता त्या हात अलगद खाली ओढतात. डाळीचं पीठ आणि साय मात्र पूर्ण बंद केली. पीठ खरखरीत असतं हे एक कारण. दुसरं मला नवीन होतं: फुटलेल्या कातडीतून खाण्याचा पदार्थ आत गेला तर पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी जडू शकते. शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली, हे 2003 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. हे आईंना सांगितल्यावर त्यांनी पिठाचा डबा स्वतःच उचलून ठेवला.

नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचं काय, हा प्रश्न दिवाळीआधीच उभा राहिला. आमच्या घरी पहाटे अंधारात उठून पाटावर बसायचं, तेल, उटणं, ओवाळणं हे सगळं साग्रसंगीत होतं आणि मुलीला त्यातून वगळावं असं कोणालाच वाटत नव्हतं. उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, म्हणजे वास आणि भरड दोन्ही. आईंनीच तोडगा काढला. खोबरेल कोमट करून डोक्याला आणि पाठीला लावलं, आणि उटणं चिमूटभर, फक्त तळपायांना. तिथली कातडी जाड, चट्टे तिथे कधी नसतात. मग ओवाळणं, दोन तांबे कोमट पाणी आणि पंच्यात गुंडाळलेल्या मुलीला थेट क्रीम. ती खूश, आजीही खूश.

दिवाळीवरून एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. मलम, क्रीम, जेली कपड्यांत आणि पांघरुणांत मुरते आणि मग ते कापड चटकन पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्ये अशा सगळ्याच मलमांबद्दल इशारा दिला, पॅराफिन असो वा नसो. कपडे धुतल्यानेही ते पुरतं निघत नाही. आपल्या घरात निरांजन, पणत्या, फुलबाज्या, आणि थंडीत अजूनही कित्येक ठिकाणी शेगडी पेटवून भोवती बसतात. आम्ही तिच्या खोलीतली शेगडी काढली, रात्रीचे मलमाचे कपडे वेगळे ठेवले, आणि फुलबाजी उडवताना त्यातला एकही कपडा अंगावर नसतो.

स्टेरॉइडच्या मलमाबद्दल जरा थांबून लिहिते. आपल्याकडे याबाबतीत दोन टोकं आहेत. एका बाजूला ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकला की लोक ट्यूब टाकून देतात, दुसऱ्या बाजूला त्याच औषधाच्या जबर ट्यूबा दुकानातून सहज घेऊन महिनोन्‌महिने लावतात. आमच्याकडे बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नातीचे हाल बघवेनात म्हणून औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चट्टा गोलसर आहे म्हटल्यावर दुकानदाराने गजकर्णाची दिली. मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली: क्लोबेटासोल, सोबत बुरशीचं औषध, सोबत प्रतिजैविक. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र गटातलं स्टेरॉइड, आणि ते सहा वर्षांच्या मुलीच्या कोपराच्या घडीत जाणार होतं, जिथे कातडी पातळ आणि शोषण जास्त. ‘‘बाबा, ही नको लावायला, डॉक्टरांना दाखवू,’’ म्हटलं आणि त्यांनी लगेच ऐकलं. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आहे. तरी ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळाली. ज्या घरात कोणी खोका वाचणारं नसतं तिथे काय होत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. अशा मिश्रणाने आधी चटकन आराम पडतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, बुरशी असेल तर दबून आणखी पसरते, आणि ट्यूब सोडली की सगळं दुप्पट उलटतं.

आणि तरीही, योग्य ताकदीचं, योग्य जागी, योग्य दिवस लावलेलं स्टेरॉइड हाच उसळलेल्या एक्झिम्याचा खरा उपाय आहे. आग लागलेल्या कातडीवर नुसतं मॉइश्चरायझर लावत बसलं तर मूल रात्र रात्र जागतं. आम्हाला चेहऱ्यासाठी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन दिलं आणि कोपर-गुडघ्यांसाठी मध्यम ताकदीचं, दिवसातून एकदा. किती लावायचं ते डॉक्टरीणबाईंनी माझ्याच बोटावर दाखवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून सरळ काढलेली धार म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे माप 1991 पासून जगभर वापरात आहे. माप हातात आलं आणि माझी भीती निम्मी झाली, कारण ‘जास्त तर नाही ना झालं’ ही शंकाच उरली नाही. स्टेरॉइड आणि क्रीम एकावर एक थापायचं नाही, मध्ये अर्धा तास सोडायचा. खरखर पूर्ण जाईपर्यंत लावायचं, नुसती खाज थांबली म्हणून दुसऱ्या दिवशी सोडायचं नाही. हल्ली कातडी चांगली असतानाही ठरलेल्या जागांवर आठवड्यातून दोनदा लावायला सांगितलं आहे. त्याने पुन्हा उसळण्याच्या खेपा कमी झाल्या. पापण्यांजवळ येतं तेव्हा टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं, मलम, दोन वर्षांवरच्या मुलांसाठी ते 0.03 टक्क्यांचं असतं. पहिले काही दिवस त्याने चुरचुरतं, ते आधी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही सोडलं नाही. हे सगळं तिच्या कातडीसाठी, तिच्या डॉक्टरांनी ठरवलेलं आहे, तसंच्या तसं दुसऱ्या मुलाला लावू नये.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. अंथरुणात अंग तापलं की खाज वाढते, आणि झोपेत हात कोण धरणार? ‘खाजवू नको’ हे वाक्य आम्ही बंद केलं. त्याने मुलाला खाजेबरोबर अपराधीपणाही मिळतो. त्याऐवजी तिला शिकवलं: खाजतंय तिथे तळहात दाबून धर, किंवा थोपट. नखं आठवड्यातून दोनदा कापून कानशीने गोल करायची. फ्रिजमध्ये क्रीमचा छोटा डबा ठेवलेला असतो. रात्री उठली की ते गार क्रीम लावलं की खाज बसते. रजई सरळ अंगावर नको, मध्ये सुती चादर. झोप येण्याचं खाजेचं सिरप कधीतरी दिलंय, पण या खाजेवर त्याचा फारसा जोर चालत नाही, झोप तेवढी येते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. खूप उसळलं असताना त्यांनी ओल्या कपड्याचा उपायही शिकवला: मलम लावून वर कोमट पाण्यात भिजवून पिळलेले सुती कपडे, त्यावर कोरडे कपडे. तो मात्र त्यांना विचारूनच करायचा, जंतुसंसर्ग असेल तर मुळीच नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. लोकरीचा स्वेटर सुती आतल्या कपड्यावरच, मानेमागचं लेबल उसवून. डिटर्जंट कमी, खळबळणं दोनदा. रेशमी आतले कपडे घ्यावेत का असं कोणी सुचवलं होतं. 2017 मध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही, म्हणून पैसे वाचवले. तीच गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात शहराला येणारं तिघरा धरणाचं पाणी ओढीचं होतं तेव्हा बोअरचं वापरावं लागतं, आणि ते इतकं जड की नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो. जड पाणी कातडीला बरं नाही हे खरं, आणि पाणी मऊ करणारं यंत्र विकणारे घरी येऊन एक्झिमा बरा होईल असं छातीठोक सांगून गेले. पण 2011 मध्ये इंग्लंडात 336 मुलांच्या घरी अशी यंत्रं बसवून पाहिली होती, एक्झिम्यात त्यामुळे जास्तीचा काही फरक आढळला नाही. यंत्राच्या किमतीत कितीतरी महिन्यांचं क्रीम येतं. आम्ही क्रीम घेतलं.

लू सुरू झाली की त्रासाचं कारण बदलतं. थंडीत कोरडेपणा, उन्हाळ्यात घाम. खेळून आली की साध्या पाण्याने हात-पाय-मान धुऊन, टिपून, पातळ क्रीम. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर या दिवसांत फार कामाचा, हवा गारही होते आणि ओलसरही. एसीत ती अर्ध्या तासात हात खाजवायला लागते. कूलरचं पाणी आणि ताट्या मात्र वेळच्या वेळी बदलायच्या, नाहीतर बुरशीचा वास येतो.

खाण्याबद्दल सगळ्यांनी सल्ले दिले. वांगं बंद, आंबट बंद, दूध बंद. डॉक्टरांनी एकही पदार्थ बंद केला नाही. खाल्ल्यावर लगेच पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते असं असेल तर तपासणी करून बघू, पण वाढत्या मुलीचं दूध नुसत्या संशयावरून तोडायचं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ती दूध पिते, वांग्याचं भरीतही खाते.

शाळेत बाईंना भेटून दोन गोष्टी सांगितल्या: हा आजार दुसऱ्याला लागत नाही, आणि मधल्या सुट्टीत तिला क्रीम लावू द्या. बाईंनी वर्गालाच समजावून सांगितलं. तरी एका मुलीने हात धरून नाचायला नकार दिला, आणि ते माझ्या लेकीने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः तिचा हात धरून फेर सुरू केला. त्या बाईंचे आभार मी जन्मभर मानीन.

मोठ्या माणसांचं वेगळंच. चट्टे बसले की गालांवर आणि दंडांवर फिकट डाग राहतात. हळदीकुंकवाला एकीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, ‘‘कोड तर नाही ना? मुलीची जात आहे...’’ कोडाचे डाग पांढरेशुभ्र, कडा स्पष्ट. एक्झिम्याचे डाग धूसर, थोडे खवलेदार, आणि दाह आवरला की काही महिन्यांत आपसूक भरतात. मी तिला तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की कोड असतं तरी माझ्या मुलीचं काही कमी झालं नसतं.

काही लक्षणं दिसली तर घरचे उपाय बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचे. चट्ट्यातून लस येते, मधासारखी पिवळी खपली धरते, भोवती गरम लागतं, म्हणजे जंतुसंसर्ग. त्याहून तातडीचं म्हणजे एकसारखे, मध्ये खड्डा पडलेले दुखरे फोड झपाट्याने पसरणं आणि ताप. ज्या विषाणूने ओठांवर बारीक पाणीदार फोड येतात, त्याचा तो संसर्ग असू शकतो, आणि एक्झिम्याच्या कातडीवर तो पसरतो, डोळ्यांजवळ असेल तर जास्तच धोका. त्यासाठी सकाळची वाट बघायची नाही. आमच्याकडे कोणाच्या ओठाला असे फोड आले असतील तर ते माणूस तिचा पापा घेत नाही. हा नियम आजोबांनाही लागू आहे.

नणंदेला सातवा महिना आहे. भाचीचं बघून तिने परवा विचारलं, बाळ झाल्या दिवसापासूनच क्रीम लावायला घेऊ का, म्हणजे त्याला होणारच नाही? मी तिला 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीबद्दल सांगितलं. घरात ॲलर्जीचा वारसा असलेल्या सुमारे 1400 बाळांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं होतं, तरी दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांत एक्झिमा जवळपास सारखाच निघाला. तेव्हा आधीपासून लावून तो टळत नाही. बाळ आलं की कोमट पाण्याची अंघोळ, बिनवासाचं थोडं काही, मोहरीचं तेल नको, एवढंच. गालावर बोट फिरव, खरखर लागली तर फोटो पाठव आणि डॉक्टरांची वेळ घे. बाकीचं मी येऊन शिकवीन, डबा आणि चमचा घेऊनच येईन.